गाडीची झोपमोड

धाकटीची गाडी पुन्हा बंद पडली हे ऐकून थोरलीला आधी बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली, आणि मग आपल्याला लाजायला लावलं म्हणून धाकटीचाच राग आला. धाकटीच्या बाबतीत तिचं हे नेहमीचंच होतं.

थोरली गाड्यांच्या वायरिंगची कामं करायची. घराच्या खालच्या मजल्यावर तिचं वर्कशॉप आणि वरच्या दोन खोल्यांत ती आणि आई. वडील गेल्यापासून आई तिच्याकडेच होती. आईच्या गोळ्या, आईचा चष्मा, आईचं गुडघ्याला लावायचं तेल, सगळं थोरलीनं बघायचं. धाकटी नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची आणि सवड मिळेल तशी उगवायची. ती उगवली की आईच्या तोंडावर जो उजेड पडायचा, तो आपल्यासाठी पडलेला थोरलीनं कधी पाहिला नव्हता.

त्यात ही इलेक्ट्रिक गाडी. आवाज नाही, धूर नाही, दुधाच्या रंगाची. आई तिच्या सीटवरून हात फिरवून म्हणाली होती, "बाई, काय मऊ आहे!" थोरलीच्या पोचे पडलेल्या व्हॅनमधून आई वर्षानुवर्षं दवाखान्यात जात होती, पण त्या सीटबद्दल तिनं चकार शब्द काढला नव्हता.

ती दुधाच्या रंगाची गाडी आज ट्रकच्या पाठीवर बसून वर्कशॉपच्या दारात आली.

"ताई, तिसऱ्यांदा गं!" धाकटी ट्रकमधून उतरत म्हणाली. तिच्या खांद्याला इंजेक्शनांची पिशवी तशीच होती. "पेशंटच्या दारात. कुलूपसुद्धा उघडेना. कंपनीवाल्यांनी छोटी बॅटरी नवीन घालून दिली, तरी तेच. बरं, मोठी बॅटरी तर अर्ध्याहून जास्त भरलेली असते."

"असू दे ना भरलेली. तिला उठवायला छोटी लागते," थोरली म्हणाली. "कुलूप, दिवे, आतला कॉम्प्युटर, सगळं छोटीवर. ती मेली की तुझी गाडी म्हणजे लोखंडी कपाट."

"पण मरते का?"

"गाडी उभी असताना कोणीतरी तिला पितंय. शोधू या."

कंपनीवाल्यांना जे जमलं नाही ते आपण शोधायचं, आणि तेही आई घरात असताना, या विचारानं थोरलीच्या हाताला जोर आला. तिनं छोटी बॅटरी चार्ज करून घेतली. किल्ली जवळ असली की गाडी जागी राहते, म्हणून किल्ली वर स्वयंपाकघरात पाठवून दिली. बॉनेट उघडंच ठेवलं, पण त्याची कडी स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बसवली, म्हणजे गाडीला वाटावं बॉनेट बंद आहे. मग बॅटरीच्या तारेभोवती मीटरचा चिमटा अडकवला आणि दोघी बहिणी दोन डब्यांवर बसून राहिल्या.

मीटरवरचा आकडा हळूहळू उतरत गेला. गाडी झोपत होती. पाळण्यातलं मूल झोपावं तशा दोघी नकळत हळू बोलू लागल्या.

आकडा अगदी तळाला टेकला आणि गाडीच्या पोटात कुठेतरी 'टक्' झालं. आकडा उडी मारून वर गेला.

"हात लावलास?"

"नाही गं, शप्पथ!"

थोडी वाट पाहिली, आकडा उतरला, पुन्हा 'टक्'. धाकटीनं बाहेरून बसवून घेतलेला कॅमेरा थोरलीनं काढला. फरक नाही. धाकटीला तिचा फोन बंद करायला लावला. तरी तेच. मग गाडीचा जो डबा नेटवरून बाहेरच्या जगाशी बोलतो, त्याचा फ्यूज तिनं उपसला. गाडी गाढ झोपली ती उठेचना. फ्यूज परत घातला, आणि थोड्या वेळानं पुन्हा 'टक्'.

"म्हणजे गाडीत दोष नाही," थोरली कपाळ चोळत म्हणाली. "बाहेरून कोणीतरी हिला हाक मारतंय. ही बिचारी दर हाकेला उठते, पुन्हा झोपते. उठून उठूनच बॅटरी संपते."

तेवढ्यात आई कठडा धरत जिना उतरून आली. एका हातात फोन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "झालं का गं?" तिनं धाकटीला विचारलं. "तुझी गाडी अजून इथंच दाखवतेय." आणि तिनं बोटानं स्क्रीन खाली ओढली.

टक्.

थोरली डब्यावरून उठली. "आई, आत्ता केलंस ते पुन्हा कर."

"काय केलं?"

"बोट फिरवलंस ना, ते."

आईनं भीत भीत बोट फिरवलं. टक्. धाकटीनं तोंडावर हात ठेवला.

"गाडी समोर उभी आहे आणि तू ती फोनवर बघतेस?" थोरली म्हणाली.

"सवय गं."

"किती वेळा बघतेस दिवसातून?"

"किती म्हणजे..." आई विचारात पडली. "ती सकाळी निघते तेव्हा. भाजी निवडताना. दुपारी पडल्यावर. ठिपका हलला की बरं वाटतं. हलेनासा झाला की जिवाला घोर लागतो, मग सारखं बघत बसते."

भाजी निवडताना. थोरलीच्या डोळ्यांसमोर रोजची सकाळ आली. ती खाली कामाला उतरायची तेव्हा आई ताट पुढ्यात घेऊन, मान खाली घालून बसलेली असायची. आई भाजीत गढली आहे असं तिला वाटायचं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी पण जाते की बाहेर! घाटात बंद पडलेले ट्रक चालू करायला जाते, अंधार पडतो यायला. एकदा तरी फोन केलास, पोचलीस का म्हणून?"

"तुझं काय विचारायचं?" आई साधेपणानं म्हणाली. "तू येतेसच."

थोरलीनं तिच्या हातातून फोन घेतला, गाडीचं ॲप काढून टाकलं आणि फोन परत दिला. "झाली दुरुस्ती," ती म्हणाली.

आई फोनकडे बघत राहिली. मग कठडा धरून एकेक पायरी वर गेली.

"बरं वाटलं?" धाकटी म्हणाली.

"तुझीच गाडी दुरुस्त केली."

"मला माहीत होतं ती बघते. मीच टाकून दिलं होतं ते तिच्या फोनवर. इतकं बघत असेल असं वाटलं नव्हतं, पण..." धाकटीनं पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला. "कोणीतरी बघतंय याचं बरं वाटायचं. तुला घरी गेल्यावर दार उघडायला माणूस आहे, ताई. मी माझं कुलूप उघडते आणि आधी दिवा लावते."

"मग ने तिला!"

"विचारलं होतं. दोनदा. म्हणाली, थोरलीला सोडून कशी येऊ, तिला जेवणाचं भान नसतं."

थोरलीनं मीटरचा चिमटा काढला, तार गुंडाळली, पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळली. या बोलण्यानं तिचा ऊर भरून यायला हवा होता. पण आपल्याला न सांगता ही आईला न्यायला निघाली होती, तेही दोनदा, हेच तिला आधी टोचलं. बाकीचं मागाहून आलं, आणि आलं तेव्हा तिला धाकटीकडे बघवेना.

ती वर गेली. आई खिडकीशी बसली होती.

"दे तो फोन." थोरलीनं ॲप पुन्हा घातलं. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधे ती पोचली की फोन करेल. सारखं बघितलंस तर बॅटरी संपते आणि ती पेशंटच्या दारात अडकते."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळेच बंद पडत होती होय?"

"तुझ्यामुळे नाही. गाडीची झोप सावध आहे," थोरली म्हणाली. आईला दिलासा द्यायला तिला तेवढंच सुचलं.

त्यानंतर गाडी बंद पडली नाही. धाकटी नेमानं फोन करायची आणि वरच्या खोलीतून आईचं "पोचलीस ना गं बाळा?" खाली वर्कशॉपमध्ये ऐकू यायचं. थोरली तेव्हा हटकून हातोडी घ्यायची आणि जिथं ठोकायची गरज नाही तिथंही ठोकायची.

मग एकदा घाटापलीकडच्या खाणीवर तिचं काम निघालं. व्हॅन उभी करून ती हत्यारं काढायला लागली, थांबली, आणि तिनं घरी फोन लावला.

"काय झालं?" आई घाबरून म्हणाली.

"काही नाही. पोचले."

"कुठे?"

"खाणीवर. कामाला आलेय ना."

"मग?"

"मग काय? पोचले, एवढंच."

"बरं केलंस," आई म्हणाली. "येताना लसूण आण. आणि जेव वेळेवर."

थोरली मनातून चरफडली. बाळा नाही, काही नाही, लसूण! तरी काम आटोपल्यावर तिनं दुकानासमोर व्हॅन थांबवली आणि सांगितल्यापेक्षा बराच जास्त लसूण घेतला.