न्हाणीच्या झरोक्यातला बोळा

गॅसचा गीझर घरात आला तेव्हापासून चंपाबाईच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

माधवनगरच्या त्या घरात वरच्या मजल्यावरची न्हाणी आणि गच्चीवरची टाकी यांच्यात उंचीचं अंतर जेमतेम, त्यामुळे शॉवर म्हणजे नुसती टिपटिप. नात प्राची केस धुताना रडकुंडीला यायची. शेवटी तिच्या बापाने, गोमटेशने, टाकीजवळ पंप बसवला. धार सुधारली, तसा गरम पाण्याचा वाद सुरू झाला. प्राचीला विजेचा गीझर हवा होता. पण तिचे आजोबा आदगोंडा चार दुकानं पालथी घालणार आणि शेवटी मनातलंच आणणार. सोलर पावसाळ्यात कोमट, वीज सारखी जाते, सबब गॅसचा. वीज गेली की पंपही बंद पडतो, हे त्यांना कोण सांगणार! सिलिंडर बाहेर सज्जात ठेवला आणि गीझर आत न्हाणीत टांगला.

"आई, झरोका उघडाच ठिवायचा, काय झालं तरी," गोमटेशने बजावलं होतं. चंपाबाईला वाटलं, वाफ जायला सांगतोय.

तिचं भय निराळंच होतं. जैनांचं घर, त्यात चातुर्मासाचे दिवस. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय न पिणारी ही बाई. परवा तिला गीझरखाली जळक्या पाकोळ्या, दिव्यावर येतात ते पतंग, पडलेल्या दिसल्या. झरोक्यातून ज्योतीकडे आलेल्या. जीव जाळून तापवलेल्या पाण्याने न्हायचं? तिने जुन्या लुगड्याचा घट्ट बोळा केला आणि सज्जातून झरोका बुजवून टाकला. बोलली कुणाला नाही, कारण आदगोंडा हसले असते.

काल प्राची न्हाऊन आली ती डोकं धरूनच. पाणी कडक झालं असेल, असं म्हणून चंपाबाईने तिला खोबरेल चोळून दिलं.

आज दिवस कलला तरी प्राची न्हाणीतच होती. गोमटेश कारखान्यात. खाली ताटं वाढलेली, मावळायच्या आत जेवण उरकायचं.

"प्राची, चल गं! दिवस बुडाला की जेवाय न्हाई मिळायचं!"

वरून पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"काल बी न्हाऊन आली आन् डोकं धरून बसली," चंपाबाई कुरकुरली.

आदगोंडांचा घास हातातच राहिला. "न्हाल्यावर डोकं दुखलं? आगं, झरोका उघडा हाय न्हवं?"

चंपाबाई ताडकन उठली. "आवं, म्या बोळा घातलाय. पाकोळ्या मरत हुत्या..."

"आगं, कोंडल्या जागंत गॅस जळला की इख तयार हुतं! दुकानदारानं पयलं त्येच सांगितलं हुतं!"

ती जिना कशी चढली हे तिचं तिलाच कळलं नाही. सज्जात जाऊन तिने सिलिंडर बंद केला, स्टुलावर चढली आणि दोन्ही हातांनी बोळा ओढला. तो निघेना. आपणच इतका घट्ट बसवला होता! दात आवळून तिने हिसका दिला, तेव्हा बोळा हातात आला आणि आत दिसला प्राचीचा पांढराफटक हात, फरशीवर. वरून झकास धार पडत होती आणि तो हात हलत नव्हता.

"देवा, माझा जीव घे, पर हिला सोड," ती ओरडत राहिली. पलीकडे आदगोंडा वरवंट्याने दारावर, आतल्या कडीच्या जागी, घाव घालत होते. दार मोडलं. दोघांनी टॉवेलात गुंडाळून पोरीला सज्जात ओढलं. ती श्वास घेते की नाही, हे चंपाबाईला कळेना. तिचे स्वतःचेच कान वाजत होते. मग प्राचीला उमासा आला. तिने डोळे किलकिले केले.

"आज्जी... डोकं..."

रात्रभर दवाखान्यात नाकाला नळी होती. पहाटे डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

सकाळी घरी आल्यावर चंपाबाई सज्जात गेली. बोळा तिथेच पडला होता. तिने तो उलगडला, तशी घडीतून एक पाकोळी निघाली, जिवंत, आणि भिंतीवर जाऊन बसली. चंपाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिला आपला हात दिसला. तो मारायला उगारलेला होता.