बुधवारची बादली

उद्धवरावांनी पान्हा उलटा फिरवला. नट सुटून हातात आला आणि उरलंसुरलं पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. नट उजेडाकडे धरून पाहिला आणि पत्र्याच्या झाकणात टाकून दिला.

"परत तेच," ते म्हणाले.

"मंग मी काय सांगत होतो?" चिमाजी बिडी न पेटवता नुसतीच दातात धरून बसला होता. "वायसर बदलून बदलून काय व्हनार हाय? दुखनं आट्यांचं, औषध वायसरला."

तो एका उपड्या निळ्या बादलीवर बसला होता. सकाळी आल्या आल्या त्यानं ती गाडीमागच्या कोपऱ्यातून ओढली होती आणि आतलं फडकं नि साबणाचा सुकलेला तुकडा भिंतीकडेला काढून ठेवला होता. ती बादली त्यांच्या बायकोची, कुसुमची होती. उद्धवरावांना ते आवडलं नव्हतं, पण बसलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी पान्हा उचलला होता. आणि खरं सांगायचं तर तेवढं बोलायचीही त्यांना ताकद नव्हती. कुसुम गेल्या दिवाळीच्या आधी गेली. तेव्हापासून साधं दार लोटून घेणंसुद्धा त्यांना मोठं काम वाटायचं.

सांगवीतल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांची जुनी फियाट बॉनेट वर करून उभी होती. गळती कार्बोरेटरची होती. त्यात पेट्रोल साठायला चहाच्या कपाएवढी वाटी असते. तिच्या पोटाला एक पितळी नट होता. गाडी चालवून बंद केली की त्या नटाकडून थेंब थेंब पेट्रोल खाली यायचं. चैत्रात उन्हं तापली तेव्हा गळती सुरू झाली आणि वैशाखात पार्किंगभर वास सुटायला लागला.

जिन्यावरून चपलांचा आवाज आला. सोसायटीचा सेक्रेटरी जयदीप खाली उतरला. पोरगा वाईट नव्हता. कुसुमच्या दहाव्याला त्यानंच मांडव घालून दिला होता.

"काका, आज गुरुवार. मुदत आजपर्यंतच होती."

"माहितीये."

"मला बोलायला बरं वाटत नाही. पण शेजारच्या खांबावर आता चार्जिंगचा पॉइंट आलाय. पोरं इथंच खेळतात. कुठं ठिणगी पडली तर कुणाला तोंड दाखवायचं?"

"तुझं बरोबर आहे," उद्धवराव म्हणाले. "आज झालं नाही तर गाडी हलवतो. आमच्या मिनलनं भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. दुपारी येईल तो."

जयदीप वाकून इंजिनाकडे पाहत राहिला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण लगेच निघून जाणं त्याला जमेना.

"इतकी वर्षं थेंब सांडला नाही हो काका. मग आत्ताच काय झालं?"

"वय झालं."

"गाडीचं ना?"

"दोघांचंबी," चिमाजी म्हणाला. "मालकाला मातर भंगारात कुनी घेईना."

जयदीप हसला. उद्धवरावांनीही ओठ हलवले.

तो गेल्यावर त्यांनी कार्बोरेटर सोडवून जमिनीवर कागद पसरून ठेवला. नटाच्या भोकाभोवती काहीतरी घट्ट बसलं होतं, करड्या पिवळट रंगाचं, वाळलेल्या मेणासारखं. बरंचसं आधीच तडकून पडलं होतं. त्यांनी पेचकसाच्या टोकानं उरलेलं खरवडायला घेतलं.

"एमसील लावलंवतं व्हय?" चिमाजीनं विचारलं.

"छे. मी कशाला लावू? मळ असेल."

"हा नट आवळला कवा होतास?"

"गाडी घेतली तेव्हा. आधीच्या मालकाच्या हातची थोडी गळत होती. मी नवा वॉशर टाकला आणि आवळला. तेव्हापासून एक थेंब नाही." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा चढला. "कासारवाडीला होतो तेव्हा सगळ्या चाळीला दाखवलं होतं."

"आवळला म्हंजी तुझ्या हातानं?"

"मग कुणाच्या?"

चिमाजी हसायला लागला. हसता हसता त्याची बिडी खाली पडली. दोघांनी चिंचवडच्या एकाच कंपनीत उभी हयात काढली होती, उद्धवराव फिटर आणि चिमाजी लेथवर. "आरं, तू आवळलेला बोल्ट सोडवायला आमी पान्ह्याला पाइप लावायचो. शेवटचा एक झटका दिल्याबिगर तुला चैनच पडायची न्हाई."

ते खोटं नव्हतं. घरात कुसुमही तेच म्हणायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण यांनी लावलं की ती शेजारच्या पोराला हाक मारायची. बाथरूमचा नळ यांनी बंद केला की ती बाहेरून ओरडायची, 'अहो, या आता सोडवायला, मला कुठं फिरतोय तो!' ते मोठ्या ऐटीत उठून जायचे.

चिमाजीनं कार्बोरेटर उचलून भोकात करंगळी घातली आणि हळूहळू फिरवली. त्याचं हसू गेलं.

"उद्धवा, ही वाटी लोखंडाची न्हाई, मऊ धातूची हाय. आटे तू तवाच खाल्लेस. आवळताना तोडलेस ते. हे आताचं न्हाई."

"तेव्हाच तुटले असते तर तेव्हाच गळली नसती?"

"गळायलाच पायजे व्हती."

"मग?"

"मंग देवाला म्हाईत." चिमाजीनं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "मी तळवड्याच्या शेडवर जरा जाडा नट करून आणलाय. आटे पाडायचं हत्यारबी आणलंय. तू ते धुऊन दे, मी नवे आटे पाडतो."

उद्धवरावांनी तसराळ्यात पेट्रोल ओतलं आणि ब्रशनं वाटी घासायला लागले. काळं तेल भराभर सुटलं. ग्रीस सुटलं. पण तो पिवळट थर जागचा हलेना. त्यांनी जोर लावला, पुन्हा बुडवलं, पुन्हा घासलं. कुठलाही मळ पेट्रोलात सुटतो. हा सुटत नव्हता. उलट ब्रशच्या केसांना चिकटून बसला होता.

ते उठले, पार्किंगच्या नळाखाली ब्रश धरला आणि बोटांनी चोळला.

फेस आला.

आधी थोडासा, करडा. पाण्याखाली चोळत राहिले तसा पांढरा झाला. बोटांच्या बेचक्यात साठला, तळहातावरून खाली घसरला. पेट्रोलच्या वासातूनही तो दुसरा वास वर आला, कपडे वाळत घातल्यावर गॅलरीत यायचा तो. उद्धवराव नळ बंद करायचं विसरले.

कासारवाडीच्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह होता. त्याची टाकी तळाशी झिरपायची. कंपनीत नेऊन झाळून आणतो, असं ते रोज म्हणायचे आणि रोज विसरायचे. कुसुम कधी दुसऱ्यांदा म्हणाली नाही. स्वयंपाकाला बसायच्या आधी ती धुण्याच्या वडीचा कोपरा नखानं खरवडायची, ओल्या बोटांवर मऊ करायची आणि टाकीच्या तळाला अंगठ्यानं दाबायची. रॉकेलमध्ये साबण विरघळत नाही, हे त्या चाळीत प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

आणि बुधवारी ती गाडी धुवायची. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून गाडी गुरुवारीच बाहेर निघायची. आदल्या दिवशी ते पहिली पाळी करून येऊन झोपलेले असायचे आणि ती निळी बादली घेऊन खाली उतरायची. निवृत्तीनंतरही तिचा बुधवार चुकला नाही. ते चिडवायचे. 'धुण्याच्या साबणानं गाडी धुतात का? रंग जाईल तिचा.' एकदा गॅलरीतून पाहिलं तर बाईसाहेबांनी बॉनेट उघडलेलं. 'आता काय इंजिनाला आंघोळ घालतेस?' ते वरून ओरडले होते. ती वर न बघता म्हणाली होती, 'उंदीर शिरलाय का बघते.'

त्या दिवशी ते किती हसले होते.

"आरं, नळ!" चिमाजी म्हणाला. "पानी चाललंय. झालं काय?"

उद्धवरावांनी नळ बंद केला. भिंतीकडेला जाऊन ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि फडक्याशेजारचा साबणाचा तुकडा उचलला. तो दगडासारखा कडक झाला होता. एका कोपऱ्यावर नखानं खरवडल्याच्या बारीक रेघा होत्या, एकीखाली एक, एकाच बाजूला. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. त्यांचा अंगठा मोठा होता, त्या रेघांत बसला नाही.

चिमाजीनं ओल्या ब्रशकडे पाहिलं. मग तुकड्याकडे. तो बादलीवरून उठला, ती सरळ केली, बुडाची धूळ हातानं झाडली आणि उद्धवरावांच्या जवळ ठेवली.

"आन ती वाटी," तो म्हणाला. "आटे पाडून घिऊ."

काम फार वेळाचं नव्हतं. चिमाजीनं हत्यार हळूहळू फिरवत आत नेलं. बारीक चकाकता कीस बाहेर पडला. उद्धवरावांनी वाटी पुसली, वॉशर बसवला आणि नवा नट हातानं फिरवत नेला. मग पान्हा लावला. नट टेकला. अजून थोडं गेला. खांद्यातून तो नेहमीचा झटका खाली उतरला आणि मनगटापाशी येऊन थांबला.

त्यांनी पान्हा काढून घेतला.

"बास?" चिमाजी म्हणाला.

"बास."

कार्बोरेटर बसवला, नळी जोडली. दोन-तीनदा खाकरून गाडी चालू झाली. जरा वेळ चालू ठेवून त्यांनी ती बंद केली आणि नटाखाली कोरा पुठ्ठा सरकवला. चिमाजीनं अखेर रस्त्यावर जाऊन बिडी ओढली. तो परत आला तेव्हा पुठ्ठा कोरडा होता. जयदीप खाली आला, पुठ्ठ्यावर हात फिरवला, वास घेतला.

"झालं की काका!"

"झालं."

"चहा पाठवतो वरून."

"त्याला दे. मला आत्ता नको."

चिमाजी चहाला वर गेला. उद्धवराव एकटे उरले. बॉनेट उघडंच होतं. नवा नट लखलखत होता. आता तिथं कुणाला काही लावावं लागणार नव्हतं. हे त्यांना कळत होतं आणि ते तिथून हलत नव्हते. मग त्यांनी बॉनेट लावलं, बादली नळाखाली धरली, फडकं भिजवलं. साबणाचा तुकडा पाण्यात टाकला नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवला. पुढच्या काचेपासून त्यांनी पुसायला सुरुवात केली. काचेवर दिवाळीआधीपासूनची धूळ होती.

पुसत पुसत गाडीच्या दरवाजापाशी आले तेव्हा फोन वाजला. मिनल होती, त्यांची मुलगी.

"बाबा, तो भंगारवाला विचारतोय. पाठवू का?"

"नको पाठवू. गळती थांबली."

"थांबली? खरंच? बरं झालं. मला वाटलं होतं, आता नाही होणार. पण बिघडलं काय होतं एवढं?"

उद्धवरावांनी फडकं बादलीत पिळलं. पाणी काळं झालं होतं.

"काही नाही गं," ते म्हणाले. "आई गेल्यापासून गाडी कुणी पुसली नव्हती."