वेंकूबाईचा रस्ता

कनकलतानं कन्सोलच्या डाव्या कडेचा कंट्रोलर वर सरकवून सोडवला, स्टिकवर अंगठा ठेवून ती गोल फिरवली आणि कान जवळ नेला. आत कुठे खरखर नव्हती. तरी तिनं कापसाच्या काडीला स्पिरिट लावून ती स्टिकच्या बुडाशी फिरवली, स्पिरिट वाळू दिलं आणि कंट्रोलर पुन्हा खाचेत बसवला.

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिची आई, अंबुजा, हे सगळं बघत होती.

"आयतवारी कोठें निघालीस?"

"दक्षिण वीथीला, अम्मा. गेमवाल्यांकडे."

"त्या मेल्यांनी तुज रडवलं होतं की."

"आज रडायला जात नाही," कनकलता म्हणाली आणि कन्सोल पिशवीत घातला.

ती त्या मंडळींत पहिल्यांदा गेली त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. कॉफीच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी सकाळी तंजावरचे गेमवेडे जमत. हातात मावणारे कन्सोल, त्यांच्या लहानपणचे जुने गेम, येऊ घातलेल्या गेमांच्या अफवा, आणि कुठल्या कंट्रोलरची स्टिक आधी बिघडते यावरून भांडणं. कनकलता तेव्हा नुकतीच पापनाशमच्या एका दवाखान्यात दंतवैद्य म्हणून लागली होती. 'लँटर्न फोर्ट' हा जुना गेम ती शाळेत असल्यापासून खेळत आली होती. एकही जीव न गमावता तो पुरा केल्याचा व्हिडिओ तिनं मोठ्या हौसेनं सगळ्यांना दाखवला. तोवर त्या खोलीतल्या कुणाला ते जमलेलं नव्हतं.

मंडळींचा म्होरक्या होता गणेशकुमार. त्यानं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि तमिळमध्ये विचारलं, "यात हात दिसत नाहीत, मॅडम. कोण खेळलं? भाऊ?"

सगळे हसले. मग त्यानं आपला कन्सोल तिच्यापुढे धरला. "इथंच खेळून दाखवा की."

पहिल्याच टप्प्यात तिचा कंदीलवाला शिपाई आपणहून डावीकडे सरकायला लागला. तिनं स्टिक सोडली तरी तो सरकतच राहिला आणि खंदकात पडला. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदाही तो खंदकातच गेला. ती उठली. जिना उतरताना वरून कुणाचा तरी आवाज आला, "अण्णा, ओढणारा कंट्रोलर दिलात काय तिला?" आणि त्यावर आधीपेक्षा मोठा हशा.

तिचं ते पडणं कुणीतरी मोबाइलवर टिपून पसरवलं होतं. पुढच्या आठवड्यात दाढ दाखवायला आलेल्या एका कॉलेजातल्या मुलानं खुर्चीत आ वासलेला असतानाच तिला ओळखलं. त्याला बोलता येत नव्हतं. डोळे मात्र हसत होते.

त्यानंतर वर्षभर तिनं कन्सोलला हात लावला नाही. मग एक दिवस तिनं इंटरनेटवर नवं खातं उघडलं आणि त्याला आपल्या पणजीचं नाव दिलं, वेंकूबाई. नाव इंग्रजी अक्षरांत होतं, आणि ते वाचणाऱ्या सगळ्यांनी त्याचं 'वेंकूभाई' केलं. मुंबईकडचा कुणी पोक्त खेळाडू असेल अशी समजूत पसरली. कनकलतानं ती दुरुस्त केली नाही. वेंकूभाईचे व्हिडिओ हजारो लोक बघू लागले. त्यांतही हात दिसत नव्हते. पण आता ते कुणी विचारलं नाही.

गणेशकुमारचा पहिला निरोप आला तेव्हा ती पापनाशमच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत होती. "सार, तुमची तिसऱ्या टप्प्यातली उडी मला शिकवाल काय?"

तिनं तो निरोप गाडी येईपर्यंत बघितला. मग लिहिलं, "शिकवतो."

आणि खरोखर शिकवलं. पुलावर कुठे थांबायचं, घुबड कधी वळतं, अंगठा स्टिकवर सपाट न ठेवता टोकावर का ठेवायचा. गणेशकुमार मेहनती होता. नुसता ऐकून घेणाराही नव्हता, वाद घालायचा. चौथ्या टप्प्यातली घंटा दोनदा वाजते की तीनदा, यावर त्यांचा आठवडाभर वाद चालला. शेवटी तिनं आवाज मोठा करून ऐकलं. गणेशकुमार बरोबर होता. तिनं तसं लिहिलं, आणि डब्यातल्या बायका वळून बघतील इतकी हसली. नदीच्या पुलावरून गाडी जाताना तिचा हात आपोआप पर्समधल्या मोबाइलकडे जायला लागला होता. ती सवय लक्षात आली तेव्हा तिनं मोबाइल पर्सच्या तळाशी ठेवायला सुरुवात केली. आपण हे कशासाठी करतो आहोत, याची ती स्वतःला रोज आठवण करून द्यायची.

पोंगलला 'लँटर्न फोर्ट'ची नवी आवृत्ती येणार असं जाहीर झालं आणि गणेशकुमारनं ठरवलं की त्याआधी जुना गेम सगळ्यांसमोर, एकही जीव न गमावता खेळायचा. चेन्नईहून एक चॅनेलवाला ते दाखवायला येणार होता. गणेशकुमारनं वेंकूभाईला विचारलं, "शेवटच्या दरवाजापाशी वेळ फार जातो. काही उपाय?"

"आहे," तिनं लिहिलं. "दरवाजाच्या डाव्या भिंतीत शिरायचं. उडी आणि खाली, एकदम. पण एकही जीव न गमावता तिथवर पोचलं तरच भिंत वाट देते. नाहीतर देत नाही."

म्हणजे घरी करून बघायची सोय नव्हती. कारण तोवर तो तसा कधी पोचलाच नव्हता. पोचेल, याची मात्र तिला खात्री होती. शिकवलं तिनंच होतं.

माडीवर आज पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. कॉफीचे तंबलर हातोहात फिरत होते. दुकानाच्या मालकाचा मुलगा विघ्नेश, जो आता तिशीचा होता आणि मंडळींचं सगळं बघायचा, खुर्च्या मांडत होता. गणेशकुमार दाराशीच उभा होता. कनकलतानं त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"नवीन आहात काय?" तो हसून म्हणाला. "या, या. पुढे बसा, मॅडम. तिथून नीट दिसेल."

त्यानं तिला ओळखलं नव्हतं. ती पुढे जाऊन बसली. कन्सोलची पिशवी तिनं मांडीवर ठेवली.

तो उत्तम खेळला. पुलावर थांबला, घुबड वळू दिलं, तिसऱ्या टप्प्यातली उडी अशी मारली की खोलीतून शिट्ट्या आल्या. प्रत्येक उडी कनकलताला आधीच ठाऊक होती. चॅनेलवाला कॅमेऱ्यामागून हळू आवाजात बोलत होता. दरवाजा आला. सगळे कंदील पेटेपर्यंत नुसतं थांबलं असतं तरी तो उघडला असता. गणेशकुमारनं मान किंचित डोलवली, शिपायाला डाव्या भिंतीशी नेलं आणि उडी मारली.

भिंतीनं त्याला मागे फेकलं. खाली खंदक होता.

मग मागून कुणी ओरडलं, "अण्णा, वेंकूभाईनं टोपी घातली तुम्हाला!"

"नाही," गणेशकुमार म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. "माझा अंगठा उशिरा पडला. ते खोटं सांगणार नाहीत."

गेल्या तीन वर्षांत कनकलतानं या क्षणीचे त्याचे पुष्कळ चेहरे मनात रंगवले होते. हा त्यांत नव्हता. तिनं हातातला तंबलर खाली ठेवला आणि उभी राहिली.

"मी खेळू?"

विघ्नेशनं गणेशकुमारकडे बघितलं. त्यानं होकार दिला. तिनं पिशवीतून आपला कन्सोल काढून वायर जोडली. पुलावर ती जराही थांबली नाही, घुबडाच्या पाठीवरूनच पलीकडे गेली. गणेशकुमार खुर्चीतून पुढे झुकला. दरवाजापाशी येऊन ती उभी राहिली. एकेक करून कंदील पेटले आणि दरवाजा उघडला.

टाळ्यांमध्ये गणेशकुमारचा आवाज सगळ्यांत मोठा होता. "तिसऱ्या टप्प्यातली ती उडी वेंकूभाईंची! मॅडम, तुम्हालाही त्यांनी शिकवलं काय?"

"भाई नव्हे. बाई," कनकलता म्हणाली. "वेंकूबाई. माझ्या पणजीचं नाव. खेळ माझा."

टाळ्या थांबल्या. चॅनेलवाल्यानं कॅमेरा तिच्याकडे वळवला.

"त्या भिंतीतून वाट नाही," ती तमिळमध्ये, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कधीच नव्हती. ती मी यांच्यासाठी बनवली. तीन वर्षांपूर्वी मी इथं आले होते. यांनी मला डावीकडे ओढणारा कंट्रोलर दिला आणि मी पडले तेव्हा तुम्ही सगळे हसलात."

कुणीतरी खाली बघितलं. मग मागच्या रांगेतून एक हसू फुटलं, दुसरं आलं, आणि बघता बघता सारी खोली हसायला लागली. गणेशकुमारला. तोच हशा होता, तीच माणसं होती. कनकलतानं तो पुरता ऐकून घेतला.

चॅनेलवाला सामान आवरून गेल्यावर गणेशकुमार जिन्यात तिच्या पायरीपाशी थांबला.

"कंट्रोलर ओढतो हे सगळ्यांना माहीत होतं," तो म्हणाला. जणू तेवढं सांगून पुरे होणार होतं.

"मला नव्हतं."

तो कन्सोलची वायर हाताला गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली तरी सोडेना.

"आणि बाकीचं?" त्यानं विचारलं. "घुबड, घंटा, ते सगळं? तेही असंच?"

"नाही. बाकीचं सगळं खरं होतं."

त्यानं मान हलवली. तो खाली उतरला, मोपेड सुरू केली आणि वेळ्ळै पिळ्ळैयार देवळाच्या दिशेनं गेला. संध्याकाळपर्यंत तो मंडळींच्या मोबाइलवरच्या गटातून बाहेर पडलेला होता. वेंकूबाईचं खातं बघणाऱ्यांच्या यादीतूनही.

घरी अंबुजानं विचारलं, "झालं काय तुझ्या मनाजोगं?"

"झालं, अम्मा," कनकलता म्हणाली, आणि ते खरं होतं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पोंगल तोंडावर आला तसा नव्या 'लँटर्न फोर्ट'चा ट्रेलर आला. रविवारी माडीवर नेहमीपेक्षा गर्दी होती. विघ्नेशनं पुढची खुर्ची कनकलतासाठी राखून ठेवली होती. आता सगळे तिला अक्का म्हणत, आणि तिच्या आधी कुणी बोलत नसे.

ट्रेलर दोनदा लावला. पूल तोच होता, फक्त पाणी खरं वाटत होतं. घुबड जरा मोठं केलं होतं.

"अक्का, कसं वाटतं?" विघ्नेशनं विचारलं.

"बरं आहे," ती म्हणाली. तिनं पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पुलावरचा दुसरा कंदील जुन्या गेममध्ये हिरवा होता. इथं पिवळा केलाय."

जुन्या गेममध्ये एकही कंदील हिरवा नव्हता.

"खरंच की," मागून कुणी म्हणालं. "हिरवाच होता."

"मलाही आठवतो," विघ्नेश म्हणाला. "गडद हिरवा."

कनकलतानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. माना डोलत होत्या. ती अजून थोडा वेळ वाट बघत राहिली. मग विघ्नेशला ट्रेलर पुन्हा लावायला सांगितलं.