बोटांना येणारं इंग्रजी

विषय :

"मावशी, यर्नचं स्पेलिंग सांग पटकन."

टायपिस्टबाई उशीला अभ्रा चढवत होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आधी बोटंच उशीवर हलली. उजवी तर्जनी, डावं मधलं, डावी करंगळी, डावी तर्जनी, पुन्हा उजवी तर्जनी.

"वाय, ई, ए, आर, एन."

"आणि अर्थ?"

"अर्थ मला काय माहीत? मी टायपिस्ट होते, पंडित नव्हते."

भाचीची परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा होती. वहीत तिने एकाखाली एक शब्द लिहिले होते : लाँग, क्रेव्ह, पाइन, डिझायर. "सगळे फिरून फिरून भोपळे चौकात," ती वैतागली. "कोणाला तरी काहीतरी हवंय, बस."

"हवंय एवढंच सांगायला एवढे शब्द? लोकांना कामधंदे नाहीत. आणि लाँग म्हणजे लांब ना गं?"

"लांबही, आणि झुरणंही."

"मग बरोबर आहे. जवळ असलेल्यासाठी कोण कशाला झुरेल?"

भाची हसली. बाईंनी उशी थोपटली. "डिझायरस मात्र आमच्याकडे रोजचा. कोणी रजेसाठी डिझायरस, कोणी बदलीसाठी, कोणी पंख्याखालच्या टेबलासाठी. यर्न एकदाच आला. अख्खं पत्र आहे बोटांत."

"म्हण बघू."

बाईंना म्हणता येईना. त्यांनी डोळे मिटले, उशी मांडीवर घेतली आणि टाइप करत करत एकेक अक्षर सांगितलं. भाची लिहीत गेली. तिसऱ्या ओळीला तिचं पेन थांबलं.

"मावशी, हे कोणाचं पत्र?"

"कॉमासाहेबांचं. का गं?"


संदर्भ :

एकतीस वर्षांपूर्वीची खोली. अकरा टंकयंत्रं, अकरा बायका, आणि ओळ संपली की वाजणाऱ्या अकरा घंट्या. कार्बनने जांभळी झालेली बोटं साबणाने जायची नाहीत. घरी गेल्यावरही कपाळाला हात लावला की ऑफिसचा शिक्का उठायचा. बाईंचा वेग मिनिटाला पन्नास शब्द. म्हणून नाव फिफ्टी. पन्नासातल्या एकाचाही अर्थ येत नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. अक्षर दिसायचं, बोट पडायचं. मध्ये डोकं लागायचं नाही. उलट डोकं लावणाऱ्यांच्याच चुका व्हायच्या.

मसुदे लिहिणाऱ्या कारकुनाला सगळे कॉमासाहेब म्हणत, कारण त्यांची वाक्यं संपायची नाहीत. समोर बसून बोलतानाही ते मध्येच थांबायचे, पाणी प्यायचे, मग पुढचा शब्द. त्यांचा कागद आला की बाई नवी रिबन चढवायच्या. शेजारणीने एकदा विचारलं, "आमच्या साहेबांनी काय पाप केलंय गं?" बाई म्हणाल्या, "यांचं अक्षर बारीक आहे." हाताने लिहिलेल्या अक्षराचा रिबनशी काय संबंध, हे शेजारणीने विचारलं नाही. नुसती खोकली.

एका सकाळी ट्रेमध्ये एक कागद होता. डियर मॅडम, खाली सही करणारा यर्न्स फॉर युवर कंपनी वगैरे. चारच ओळी. बाईंनी नेहमीप्रमाणे दोन कार्बन घातले आणि तीन प्रती काढल्या. एकही चूक नाही. त्या घेऊन बाई साहेबांच्या टेबलापाशी गेल्या आणि सगळ्यांच्या देखत, आपल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "साहेब, पत्ता राहिलाय. कुठल्या कंपनीला पाठवायचंय?"

कॉमासाहेबांनी प्रती घेतल्या. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी मान लांब करून वाचलं असावं, कारण आधी एकजण हसला, मग सगळी खोली. बाईही हसल्या. सगळे हसतात तेव्हा आपण गंभीर राहिलो तर आपल्याला कळलं नाही, असं होतं.

दोन महिन्यांनी कॉमासाहेबांचा बदलीचा अर्ज आला. तोही बाईंनीच टाइप केला. त्यातही डिझायरस होता.


सोबत :

"मावशी, ही कंपनी म्हणजे धंद्याची कंपनी नाही."

"मग?"

"कंपनी म्हणजे सोबत. त्यांना तुझी सोबत हवी होती. डियर मॅडम म्हणजे तू." भाचीने वही फिरवली. "आणि यर्न म्हणजे, कसं सांगू... नुसतं हवं असणं नाही. आतून ओढ लागणं. तू त्यांना काय उत्तर दिलंस?"

बाईंनी अभ्रा काढला आणि उलटा करून पुन्हा चढवला.

"पत्ता विचारला," त्या म्हणाल्या.


खुलासा :

हा शब्द बाईंनी मराठी मेमोंवर हजारदा टाइप केला होता. कृपया तीन दिवसांत खुलासा करावा. त्यांनी आठ दिवस घेतले. निवृत्तांच्या यादीत साहेबांचा पत्ता मिळाला. भाची म्हणाली, "आता काय मिळणार आहे जाऊन?" बाई म्हणाल्या, "मिळवायचं कशाला? माणूस एकतीस वर्षं समजतोय की मी चारचौघांत त्याची टिंगल केली. तो गैरसमज तसाच ठेवून मी मरू का?"

तिसरा मजला. दार साहेबांच्या बायकोने उघडलं. बाईंनी ऑफिसातलं टोपणनाव सांगताच ती खुलली. "म्हणजे तुम्ही फिफ्टी! या, या. अहो, मुलांच्या निबंधात चूक दिसली की हे तुमचं नाव काढायचे. म्हणायचे, आमच्याकडे एक बाई होत्या, हजार कागदांत एक चूक दाखवा."

साहेब खिडकीपाशी बसले होते. केस गेले होते, मध्येच थांबायची सवय राहिली होती. "बसा, बाई," ते म्हणाले. खूप वेळाने, "बऱ्या आहात?"

बायको चहा टाकायला आत गेली. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. एवढाच वेळ आहे, हे बाईंना कळलं.

"साहेब, मला इंग्रजी येत नव्हतं."

"म्हणजे?"

"बोटांना यायचं. मला नाही. एक शब्दसुद्धा नाही. ते तुमचं पत्र... मला खरंच वाटलं, कंपनीला पाठवायचंय."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"एकही शब्द नाही?"

"गेल्या आठवड्यात भाचीने सांगितला."

त्यांचे खांदे हलू लागले. आधी बाईंना वाटलं, रडताहेत. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायको कप घेऊन आली. "काय झालं एवढं?"

"ऑफिसातली जुनी गंमत," ते म्हणाले.

"मला सांगाल की नाही?"

"त्यात सांगण्यासारखं, काही नाही गं. पत्त्याचा घोळ झाला होता."

चहा झाला. गुडघे, मोतीबिंदू, भाचीची परीक्षा, सगळं बोलून झालं. बायको बिस्किटांचा डबा आणायला उठली, तेव्हा बाई पटकन म्हणाल्या, "मराठीत का नाही लिहिलंत?"

साहेबांनी पेला उचलून एक घोट घेतला.

"मराठीत, धीर झाला नसता. इंग्रजीत लिहिलं की वाटायचं, दुसराच कोणीतरी मागतोय."

बाई उठल्या. बायकोने पुन्हा यायचं वचन घेतलं. दारापर्यंत दोघं आली. बाई जिना उतरू लागल्या, तेव्हा वरून हाक आली. बाई म्हणून नाही, फिफ्टी म्हणूनही नाही. त्यांच्या नावाने. ते नाव साहेबांना माहीत असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्या वळणावर थांबल्या. वर पाहिलं. साहेब एकटेच कठड्याला धरून उभे होते.

"काही राहिलं का?"

साहेबांचे ओठ हलले, थांबले.

"नाही," ते म्हणाले. "वरून तिसरी पायरी, मोडलीय. जपून."

ती पायरी बाई केव्हाच उतरून आल्या होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि उरलेली प्रत्येक पायरी पाय चाचपून, जपून उतरल्या.