पोचा आलेल्या डब्याची कैफियत

मित्रांनो, मी केक भाजायचा एक जुना डबा आहे. ॲल्युमिनियमचा, गोल, आणि एका कुशीला पोचा आलेला. आपली कहाणी सांगताना आधी चार मोठेपणाच्या गोष्टी सांगायच्या असतात म्हणे. माझ्यापाशी लाजच जास्त आहे, तेव्हा तीच सांगतो.

कारखान्यात यंत्राने पत्र्यावर एक दणका दिला आणि मी डबा झालो. पुढे भांड्यांच्या दुकानात गाड्या दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आणि त्याची बायको आली. त्याने मला बोटांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "पत्रा जाड आहे. जन्मभर पुरेल." मला तेव्हा भारी ऐट आली होती.

त्या घरात दर सुट्टीला केक व्हायचा. बाबा ब्रशने नखं घासघासून हात धुवायचे, तरी कडा काळ्या राहायच्याच. मग ते लोणी-साखर फेसायचे, आई मैदा चाळायची आणि त्यांची लेक बबडी चमचा चाटायला टपून बसायची. "अगं, केकपुरतं तरी ठेव," आई म्हणायची. मी ओव्हनमध्ये गेलो की वास पार जिन्यात पोचायचा, आणि शेजारच्या काकूंना नेमकी त्याच वेळी वाटीभर साखर हवी असायची. या घराचं पान माझ्यावाचून हलत नाही, असं मला वाटू लागलं.

बबडी लहान असताना एकदा बरणी काढायला माझ्यावर चढली. मी घसरलो, ती पडली. तिला साधं खरचटलंही नाही, पण माझ्या कुशीत पोचा आला. तेव्हापासून केक एका बाजूने दबका निघायचा. ती बाजू जरा जास्त खरपूस व्हायची, म्हणून तिघांची त्याच तुकड्यावरून झोंबाझोंबी चालायची. मी मात्र पाहुणे आले की खजील व्हायचो. कुणीतरी मला भिंतीकडे तोंड करून ठेवावं असं वाटायचं.

बबडी सहावीत असताना, सत्राच्या शेवटच्या दिवशी वर्गात प्रत्येकाने घरी केलेलं काहीतरी आणायचं ठरलं. बाबांनी सकाळी लवकर उठून केक भाजला. "डब्यातच काप हं. बाहेर काढलास तर मोडेल," त्यांनी बजावलं.

वर्गात पाहतो तर काय, बाकांवर बेकरीची फीत बांधलेली खोकी. घरी करायचं कुणी मनावरच घेतलं नव्हतं. एका मैत्रिणीने माझ्यावरचं फडकं उचललं आणि विचारलं, "यावर कुणी बसलं होतं का?" सगळ्या हसल्या. बबडीही हसली. मग पाणी पिऊन येते म्हणून ती मला घेऊन शाळेमागे गेली आणि कचरापेटीवर तिने मला उपडं केलं. केक अख्खाच्या अख्खा आत पडला. आणि मित्रांनो, मला हायसं वाटलं. आता माझा पोचा कुणाला दिसणार नव्हता.

"काय गं, आवडला का सगळ्यांना?" संध्याकाळी बाबांनी दारातच विचारलं.

"दोन मिनिटांत फस्त," बबडी म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाबांची कळी खुलली. मला घासायला घेताना त्यांनी केकखाली घातलेला, बुडाला चिकटलेला कागद काढला, आणि तो हातात धरून ते उभेच राहिले. कागदावर सुरीची एकही रेघ नव्हती. पुढच्या सुट्टीला आईने मैदा काढला, तर बाबा म्हणाले, "आज नको, हात दुखतोय." त्याच्या पुढच्या सुट्टीलाही त्यांचा हात दुखतच होता. शेजारच्या काकूंनाही साखर लागेनाशी झाली. मी फळीवर मान खाली घालून बसलो होतो.

मग एके दुपारी बाबा गॅरेजातली लाकडी हातोडी घेऊन मला ठोकायला बसले. आवाज ऐकून बबडी आली.

"बाबा, हे काय करतोयस?"

"पोचा निघतो का बघतोय. निघाला तर केक दुकानातल्यासारखा येईल. मग तुला शाळेत न्यायला लाज वाटायची नाही."

ते हे चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांची नजर स्वतःच्या नखांवर होती. त्यांनी आणखी एक ठोका घातला, आणि पोच्याच्या जागी मला आरपार चीर गेली.

"मी फेकला तो केक," बबडी रडत म्हणाली.

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "चांगला झाला होता का, तेवढं सांग."

मित्रांनो, तिला ते सांगता येईना. तिने चाखलासुद्धा नव्हता.

आता ती तिघं पातेल्यात केक करतात, आणि लोणी बबडी फेसते. माझ्यात आई दोऱ्याची रिळं ठेवते. पोच्याचं मला आता काही वाटत नाही, पण कचरापेटीपाशी हायसं वाटलं होतं, त्याची लाज काही जात नाही. तुम्हाला घरचं खाणं आवडलं नाही तर तसं तोंडावर सांगा. करणारा हसेल आणि पुन्हा करून बघेल. पण आधी एक घास खा.