एइलाचं कौतुक आणि ओर्वोची काठवट

तळ्याकाठच्या आमच्या बेकरीत तोंडं चालायची ती कॉफीच्या सुट्टीत, आणि तीही बहुधा पाव चावायला. मालकीण एइला सकाळी यायची, राय नावाच्या धान्याचा एखादा काळा पाव उलटा करून बोटाने ठोकायची. काही बोलली नाही, तर पाव उत्तम. बोलली, तर कान उघडे ठेवायचे. सगळ्या फिनलंडात असंच चालतं, आणि देवाच्या दयेने बरं चालतं.

मग एइला हेलसिंकीला एका शिबिराला गेली. विषय होता, संस्थेत चांगला संवाद कसा साधावा.

सोमवारी ती आली ती थेट भट्टीपाशी. आमचा मुख्य पाववाला ओर्वो हातात पाव भट्टीत सारायचं लाकडी फावडं घेऊन उभा होता. एइला त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ओर्वो, तुझा पाव अप्रतिम असतो. तू आहेस म्हणून ही बेकरी आहे. मी तुझी ऋणी आहे."

नमन नाही, पूर्वरंग नाही, एकदम आरतीच. ओर्वोचं फावडं हवेत तसंच राहिलं.

"बरं," तो म्हणाला.

मग ती आमच्या पॅकिंगच्या टेबलाशी आली आणि माझ्या शेजारी पाव बांधणाऱ्या सिस्कोला म्हणाली, तुझं हसणं मला बळ देतं. सिस्को बेकरीत कधी हसल्याचं मला आठवत नाही.

कॉफीच्या सुट्टीत सिस्को हळूच म्हणाली, "डॉक्टरकडे गेली होती का गं ही?"

"शिबिराला गेली होती म्हणे."

"तू भोळी आहेस," ओर्वो मला म्हणाला. "मी आधी होतो तो कागदाचा कारखाना बंद झाला ना, त्याच्या आधीच्या आठवड्यात साहेबाने आमचं प्रत्येकाचं असंच कौतुक केलं होतं. केकसुद्धा आणला होता."

"एइलाने केक कुठे आणलाय?"

बुधवारी एइलाने केक आणला.

मग कुणाला शंका उरली नाही. बेकरी विकली जाणार. एइलाला विचारायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. ज्याच्यापाशी वाईट बातमी आहे, त्याला ती बोलायला लावणं आमच्याकडे असभ्यपणाचं. ओर्वो मानी माणूस. काढून टाकायच्या आत आपणच निघावं, असं त्याने ठरवलं. पलीकडच्या काठावर त्याच्या मेव्हण्याची बेकरी होतीच. आणि ओर्वो जाणार म्हणजे त्याची काठवटही जाणार. त्याच्या आईच्या वेळची ती पीठ मळायची लाकडी काठवट, तिच्या फटींत मुरलेलं विरजण. आमच्या पावाची आंबूस चव सगळी तिथली. ती गेली की मागे नुसतं भाजलेलं पीठ.

शुक्रवारी एइलाने त्याला काठवट घोंगडीत बांधताना पाहिलं. ती पांढरी पडली, पण तिला शिबिर आठवलं असावं. शेजारच्या बाकावर बसून तिने मऊ आवाजात विचारलं, "ओर्वो, तुला आत्ता काय वाटतंय?"

"पाठ दुखते."

"तसं नाही. आत काय वाटतंय?"

"आतूनच दुखते."

"तुझ्यावर कसलं तरी ओझं आहे, हे मला जाणवतंय."

"काठवटीचं आहे," ओर्वो म्हणाला, आणि दार उघडून निघाला.

जानेवारीचा वारा आत घुसला आणि एइलाचं शिबिर उडून गेलं.

"दार लाव आधी. एवढ्या गारठ्यात विरजण बाहेर नेतोयस, मरेल ते. डोकं काय भट्टीत विसरलास? आणि परवाचा तो पाव. वरून नुसतं कौल. गप्प बसले, नाहीतर तुझ्याच टाळक्यावर ठोकून दाखवला असता."

ओर्वोने दार लावलं.

"परवा भट्टी जास्त तापली," तो म्हणाला. "तेव्हाच बोलायचंस की."

"आता गोडच बोलायचं ठरवलं होतं ना."

"म्हणजे बेकरी विकत नाहीयेस?"

"विकू कुणाला? आणि विकून करू काय, मोजे विणू?"

"मग केक कशाचा होता, बाई?" सिस्कोने मागून विचारलं.

"माझा वाढदिवस होता."

एइला ओर्वोकडे वळली. म्हणाली, "मनात एवढं होतं, तर विचारायचं तरी."

"कधी?" ओर्वो म्हणाला. "आठवडाभर तू थांबलीस कुठे? मान वर करावी, तर पुढचं कौतुक तयार."

हात मांडीवर ठेवून एइला बाकावर ऐकायला बसली.

ओर्वोने काठवट खाली ठेवली, घोंगडीची गाठ सोडली, आणि उभ्या उभ्या सुरू झाला. भट्टीचं दार नीट बसत नाही. पीठ दमट येतंय. कमरेसाठी टेबल उंच करून हवंय. इतकं बोलताना त्याला आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. कॉफी गार झाली, तरी एइलाने मधे तोंड घातलं नाही.