गोधडीचं पोट

आबा गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला जळगावचे रतिलालशेठ आले आणि मागच्या रांगेत बसून राहिले. वंदना झाली, खीर वाटून झाली, माणसं पांगली, तेव्हा ते माझ्याजवळ आले. आबांइतका सरळ माणूस व्यवहारात पाहिला नाही, असं म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की गोधड्यांचं आता राहू द्यावं.

आबा म्हणजे माझे वडील, पितांबर टेलर. एरंडोलला बाजारपेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. आई मी शाळेत असतानाच गेली. पुढे मी धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले, आणि आबा घरात एकटे राहिले. घर रिकामं वाटतं म्हणून त्यांनी ओसरीवर गोधड्यांचं काम सुरू केलं. आळीतल्या बाया तशाही आपापल्या घरी गोधड्या शिवतच होत्या. आबांचं म्हणणं होतं की जी वस्तू घरात पांघरतात ती दुकानातही विकली जाईल, फक्त ती दुकानात ठेवण्याजोगी व्हायला हवी.

त्यासाठी ते बायांच्या मागे लागले. जुनेराऐवजी शिंप्यांकडची नवी कापडं आणायची, ती मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का करायचा, खडूने रेघा मारून सगळ्या गोधड्या एका मापाच्या करायच्या. टाक्यांमधलं अंतर काडेपेटीतल्या काडीने मोजायचं. बाया हसायच्या. रुक्माबाई त्यांच्यात सगळ्यांत मोठी. तिने एकदा तोंडावर विचारलं होतं, "आबा, गोधडी शे का वावर? मोजी ऱ्हायनात ते!" आबा हसले आणि मोजत राहिले.

रतिलालशेठांचं जळगावला हस्तकलेच्या वस्तूंचं दुकान. त्यांना गोधड्या पहिल्या नजरेत आवडल्या. पण ओळीने दोन वर्षं पावसाळ्याआधी घेतलेला माल दिवाळीच्या विक्रीसाठी गोदामातून काढला तर भोकं पडलेली. दोन्ही वेळा गठ्ठा परत आला. भोकं पडायची ती कोपऱ्यातच. आबांना वाटलं, सुतळी कोपऱ्याला काचते. त्यांनी बांधणी बदलली. मग वाटलं, भिंतीची ओल लागते. त्यांनी लाकडी फळ्या पाठवल्या, कडुनिंबाचा पाला घातला, डांबराच्या गोळ्या घातल्या. घरोघरी त्याच बायांच्या गोधड्या वर्षानुवर्षं टिकत होत्या आणि दुकानातल्या एका पावसाळ्यात फाटत होत्या, हे कोडं त्यांना सुटलं नाही. शेवटच्या आजारपणात ते मला म्हणाले होते, "कापड वाईट नव्हतं गं." मी हो म्हटलं होतं. त्यापेक्षा जास्त मला काही ठाऊक नव्हतं.

रतिलालशेठांना मी म्हटलं, एक खेप अजून घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी दया आली असावी, पण व्यापारी माणूस, अट घातलीच. माल पावसाआधी पोचवायचा, तो त्याच गोदामात राहील, दसऱ्यानंतर माझ्यासमोर उघडायचा. एकाही गोधडीला भोक निघालं तर हा विषय कायमचा संपला.

संध्याकाळी मी बायांना हे सांगितलं. ओसरी बंद झाली तर त्यांना काय उरतं, हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. कापसाच्या दिवसांत वेचणी आणि एरवी मिळेल ती मजुरी. रुक्माबाईची धाकटी जाऊ लिलाबाई तिखट जिभेची. ती म्हणाली की मग शिवू, रडून काय होणार. तिचे डोळे मात्र सुजलेले होते. आबांसाठी आळीत बऱ्याच जणींचे डोळे सुजले होते.

मी बिनपगारी रजा टाकली. मी वाचणारी बाई, शिवणकामात माझा हात जेमतेम. तरी आबा ज्या लाकडी पेटीवर बसायचे तिच्यावर न बसता मी खाली सतरंजीवर त्यांच्यात बसले, कापडं लावून दिली, सुया ओवल्या. दुःखाचं काय करायचं हे पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलं आहे. मला त्यातलं काही आठवेना. दोरा तुटला की पुन्हा ओवायचा, एवढं जमत होतं.

पहिली गोधडी पुरी होत आली त्या दुपारी रुक्माबाईने दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी गडीमाणूस नाही याची खात्री केली. मग पदराच्या गाठीतून भाकरीचा कोर आणि गुळाचा खडा काढला, गोधडीच्या उघड्या राहिलेल्या कोपऱ्यात आत सरकवला आणि भराभर टाके घालून कोपरा बंद केला.

मी विचारलं, हे काय?

"गोधडीनं पोट," ती म्हणाली. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. गोधडीचं पोट भरूनच ते शिवायचं. उपाशी गोधडी पांघरली तर झोप लागत नाही, घरात आजार येतो. आणि गड्यासमोर ते शिवत नाहीत. तिच्या आईनेही तसंच केलं होतं, सासूनेही.

आबा दुपारी जेवून दुकानात जायचे. गोधड्या पुऱ्या व्हायच्या त्या त्याच वेळात. दोन वर्षं त्यांनी टाके मोजले, फळ्या मोजल्या, पाला बदलला, आणि प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात गूळ होता.

घरच्या गोधडीला त्याने काही होत नाही. ती रोज झटकतात, उन्हात टाकतात, सणाआधी नदीवर आपटून धुतात. आतला कोर कधीच विरून जातो. गोदामात ती हलतच नाही. मुंग्या येतात, मग उंदीर येतात.

हे मी शक्य तितक्या हळू सांगितलं. सुया थांबल्या. रुक्माबाईने सुई कापडात खोचून ठेवली.

"म्हंजे आबाना माल आम्हीच नासाडा?"

नाही म्हणता आलं असतं तर मी म्हटलं असतं. मी एवढंच म्हणाले की तुम्हाला माहीत नव्हतं आणि आबांनाही नव्हतं. मग आता कोर घालायचा नाही, असं मी सुचवायला गेले तर तिने मान वर केली.

"उपाशी गोधडी कोनलेच देवानी नही, पोरी. मंग ते दुकान ऱ्हावो का जावो."

ती उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिच्यामागोमाग बाकीच्याही घुटमळायला लागल्या. शेवटचा कोपरा सोडून सगळ्या गोधड्या तयार होत होत्या आणि उघड्या कोपऱ्यांनिशी ओसरीवर रचून पडल्या होत्या. कोणी त्या बंद करायला धजावत नव्हतं. मी स्वतः गुपचूप शिवल्या असत्या तर कोणाला कळलं नसतं. पण मग त्या गोधड्या त्यांच्या राहिल्या नसत्या.

लिलाबाईने हे सोडवलं, आणि तेही भांडून. मी रुक्माबाईकडे गेले तेव्हा लिलाबाई आधीच चुलीशी बसून जावेचं डोकं खात होती.

"अक्का, तू कानबाईले निवद दखाडस. मंग ते रोट कोन खास?"

रुक्माबाई म्हणाली, देवीच्या नैवेद्याचे रोट घरचेच खातात.

"कानबाई उपाशी ऱ्हास का मंग?"

रुक्माबाईने तिला चांगल्या चार शिव्या दिल्या. देवीचं नाव कुठेही घेतेस म्हणून झापलं. लिलाबाई जागची हलली नाही. देवीला दाखवलेलं पुरतं आणि गोधडीला पुरत नाही, म्हणजे गोधडी देवीपेक्षा मोठी झाली का, असं तिने विचारलं. रुक्माबाई फणकारली, पण मला दिसलं की ती विचारात पडली आहे. मी निघाले तेव्हा ती माझ्याबरोबर आमच्या ओसरीपर्यंत आली.

त्या दुपारी बायांनी दार लोटून घेतलं. उघड्या कोपऱ्यात भाकरी आणि गूळ ठेवला. सगळ्या गप्प बसल्या. किती वेळ बसायचं हे रुक्माबाईने ठरवलं. मग तिने कोर आणि गूळ बाहेर काढला, कोपरा उलटा करून झटकला, बोटांनी कण न् कण वेचला, आणि भाकरी-गुळाचे तुकडे करून आम्हा सगळ्यांच्या हातावर ठेवले. मीही खाल्ला. मग तिने कोपरा शिवला. तरी तिचं समाधान होईना. पांघरणाऱ्याला कसं कळणार की ही जेवलेली आहे? तिने पिवळा दोरा घेतला आणि कोपऱ्यावर बाहेरून ज्वारीच्या दाण्याएवढा भरीव टाका काढला. दाणा हुबेहूब उतरला. आधी कोर घालून शिवलेल्या पहिल्या गोधडीचा कोपराही तिने उसवला आणि तसाच केला.

दाणा आपापल्या रंगाचा काढायचा, ही कल्पना पुन्हा लिलाबाईचीच. म्हणजे कोणाची गोधडी कोणती ते कळेल, आणि कोणाचा टाका लंगडा ते पण कळेल, असं म्हणून तिने समोर शिवत बसलेल्या भिकुबाईकडे पाहिलं. भिकुबाई चांगलीच चिडली. पण संध्याकाळपर्यंत तिने आपली अर्धी गोधडी उसवून पुन्हा शिवली होती. आबांच्या काडीने जे झालं नव्हतं ते एका दाण्याने झालं. प्रत्येकीचं काम तिच्या रंगाने ओळखलं जाणार होतं. टाके आपोआप बारीक व्हायला लागले.

वैशाखात, आबांसारखाच कडुनिंबाचा पाला घालून, माल जळगावला पोचवला. मी धुळ्याला कामावर रुजू झाले. त्या वर्षी, अठ्ठ्याऐंशी साली, पाऊस भरपूर झाला. देवपुरातल्या खोलीत पावसाचा आवाज ऐकताना मला गोदामाचं छप्पर आठवायचं.

दसऱ्यानंतर मी, रुक्माबाई आणि लिलाबाई एसटीने जळगावला गेलो. गोदाम दुकानाच्या मागेच होतं. आत कुबट वास होता. आमच्या गठ्ठ्याशेजारी दुसऱ्या कोणाच्या सतरंज्या ठेवलेल्या होत्या, त्यांच्या कडा उंदरांनी कुरतडलेल्या दिसल्या. लिलाबाईने माझा दंड पकडला.

रतिलालशेठांनी सुतळी कापली. त्यांनी मधलं काही पाहिलंच नाही, सरळ कोपरे हातात घेतले. एकेक कोपरा चिमटीत धरून उजेडाकडे नेला. पहिली गोधडी बाजूला ठेवली, दुसरी ठेवली. शेवटची झाल्यावर ते पुन्हा पहिलीपासून सुरू झाले, आणि मग मध्येच थांबून हसले. भोक नव्हतं. एकाही गोधडीला नव्हतं.

आबांना सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं. ते नाहीत हे मला लगेच आठवलं नाही. आठवलं तेव्हा मी कडुनिंबाचा वाळका पाला झटकायच्या निमित्ताने खाली वाकले.

कोपऱ्यावरचा दाणा कशाचा, असं शेठांनी विचारलं. रुक्माबाई म्हणाली, "ती जेवेल शे." शेठांना ते नीट समजलं नाही, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी अंगठा त्या दाण्यावरून फिरवला. हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं, म्हणाले. मग दिवाळीपर्यंत आणखी किती देता, आणि पुढच्या वर्षी मुंबईच्या प्रदर्शनासाठी किती देता, असं विचारलं आणि भाव जुनाच ठेवू, असं सहज जोडलं.

मी हो म्हणणार होते. रुक्माबाईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आबानी ठेयेल भाव आबासंगे गया, शेठ."

रतिलालशेठांनी चहा मागवायला माणूस पाठवला. रुक्माबाई म्हणाली, चहा नंतर. लिलाबाईने तोपर्यंत गोधड्यांच्या घड्या घालून गठ्ठा बांधायला घेतला होता. तिने इतक्या सावकाश आणि इतक्या नीट घड्या घातल्या की शेठांना बघत बसावं लागलं. अखेर त्यांनीच गाठीवर हात ठेवला. रुक्माबाई म्हणाली तो भाव ठरला. शिवाय कापडाची सोय ते करतील, आणि माल न्यायला एरंडोलला स्वतः येतील, हेही तिने कबूल करून घेतलं. मग ती चहा प्यायली.

शेठांनी पुढे दुकानातल्या दर्शनी फळीवरच्या पितळी समया उचलून आत ठेवायला लावल्या आणि रुक्माबाईची गोधडी तिथे अंथरली. पिवळा दाणा रस्त्याकडे आला. आम्ही पायरी उतरत होतो तेवढ्यात एक बाई बाजाराच्या पिशव्या सावरत थांबली. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि गोधडीकडे हात नेला.

रुक्माबाई मागे वळली.

"बाई," ती म्हणाली, "हात धुयेल शेतस ना?"